लोखंडी नांगर आणि मराठी गद्य

पुण्याच्या वाङ्मयीन नकाशावर बिबवेवाडीला जागा नाही. पेठांना आहे, डेक्कनला आहे, प्रभात रस्त्याला तर आहेच आहे. बिबवेवाडीचे नाव काढले की मार्केट यार्डाकडे वळणारे मालाचे टेंपो, अप्पर इंदिरानगरच्या बसची गर्दी आणि गंगाधाम चौकातला खोळंबा एवढेच ऐकणाऱ्याला आठवते. मी इथे अनेक वर्षे राहते आणि एका महाविद्यालयात मराठी शिकवते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला बराच काळ वाटले नव्हते. तो दाखवून दिला एका जुन्या विद्यार्थिनीने, आणि तोही एका पानाच्या निमित्ताने.

ही मुलगी एम.ए.च्या पहिल्या वर्षात असताना तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. बिबवेवाडीतच त्यांचा एक गाळा होता. एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, दोन कामगार आणि मोठ्या कारखान्यांकडून मिळणारे जॉबवर्क, एवढा सगळा पसारा. गाळा विकावा की चालवावा, असे तिने मला विचारले होते. पदवी पुरी कर आणि नेट-सेटच्या तयारीला लाग, असे मी सांगितले. माझ्याजवळ देण्यासारखा दुसरा सल्लाच नव्हता. तिने तो ऐकला नाही. काही वर्षांनी ती भेटायला आली तेव्हा जॉबवर्कच्या जोडीला स्वतःचा माल काढू लागली होती. बचत गटांच्या बायकांसाठी शेवया पाडण्याचे एक लहानसे यंत्र तिने बनवले होते. यंत्र चांगले होते, पण विकलेली यंत्रे परत येत होती. "मॅडम, यंत्रासोबत द्यायला मराठीत एक पान लिहून द्या," असे तिचे मागणे होते.

मी दोन दिवस खपून ते पान लिहिले. पहिले वाक्य असे होते : 'सदर यंत्राचे परिचालन करण्यापूर्वी मिश्रणातील आर्द्रतेचे प्रमाण निश्चित करून घेणे आवश्यक आहे.' तिने ते वाचले आणि संकोचत म्हणाली, "मॅडम, पीठ सैल झालं तर जाळीत अडकतं, एवढंच सांगायचंय." इतकी वर्षे मराठी शिकवून माझ्या मराठीला तेवढेच सांगता येत नव्हते. तो कागद समोर ठेवून बसले असता जे जे आठवत गेले, त्यातून हा लेख झाला.

बिबवेवाडीहून स्वारगेटकडे निघाले की वाटेत आतल्या अंगाला मुकुंदनगर लागते. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके एके काळी इथून निघत. मराठीच्या विद्यार्थ्याला ही नावे पाठ असतात. नियतकालिकांचा इतिहास हा आमच्या अभ्यासक्रमातला हक्काचा प्रश्न. परंतु यांतल्या पहिल्या मासिकाचा जन्म नांगर विकण्याच्या खटपटीतून झाला, ही गोष्ट आम्ही ओझरती सांगतो आणि पुढे जातो. माझ्या मते ती ओझरती सांगण्याची गोष्ट नव्हे.

आणखी एक योगायोग पाहा. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावाने मराठीला दोन किर्लोस्कर दिले. पहिले बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब, १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे. दुसरे लक्ष्मण काशिनाथ, जन्म २० जून १८६९. पहिल्यांवर आम्ही तासच्या तास बोलतो, दुसरे वाणिज्य शाखेच्या वाट्याला गेले आहेत. वास्तविक अण्णासाहेबांची नाटक मंडळी हाही एक धंदाच होता. नटांचे पगार, पडदे, प्रवास, तिकिटे, गावोगावच्या हिशेबांची जुळवाजुळव हे सारे त्यात आलेच. आणि लक्ष्मणरावांच्या कारखान्यातून वाङ्मय निघाले. एकाला साहित्यात आणि दुसऱ्याला उद्योगात बसवणारी भिंत आपण नंतर बांधली.

लक्ष्मणरावांना खरे तर चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरकच कळत नाही. रंग सुटले, रेषा उरली. ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे, परतले.

किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून, बेळगावातल्या सायकलींच्या लहानशा व्यवहारापासून मानला जातो. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. या दुकानाची एक खुबी होती. त्या काळी बेळगावात सायकल चालवता येणारी माणसे किती असणार? ज्याला चालवता येत नाही तो विकत कशाला घेईल? म्हणून रामूअण्णा सायकल विकत आणि पैसे घेऊन ती चालवायलाही शिकवत. वस्तू विकण्याआधी तिचे गिऱ्हाईक घडवावे लागते, हा धडा या भावांना असा अगदी पहिल्या दुकानातच मिळाला. तथापि त्याची खरी परीक्षा सायकलीने घेतली नाही. ती नांगराने घेतली.

दुकानानंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. कारण म्हणून नेहमी एकच गोष्ट दिली जाते, ती म्हणजे लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकऱ्यांना वाटे. ही कथा आपल्या सोयीची आहे. तीत एका बाजूला द्रष्टा कारखानदार उभा राहतो, दुसऱ्या बाजूला अडाणी शेतकरी, आणि शेवटी प्रगतीचा विजय होतो. समजूत खरोखरच असेल, मी नाकारत नाही. परंतु तेवढ्यावर दोन वर्षांचा हिशेब लागत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभीचा कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवरचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांतून तो नुकता बाहेर पडलेला आहे. प्लेगने घरे उठवली आहेत. त्याचा लाकडी नांगर गावातला सुतार करतो, मोडला तर तोच दुरुस्त करतो, आणि त्याची मजुरी सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने फेडायची असते. रोकड लागत नाही. हंगाम ऐन भरात असताना नांगर मोडला तर सुताराचे घर हाकेच्या अंतरावर असते. आता शहरातला एक मनुष्य येतो आणि सांगतो, हा नांगर घ्या, माती खोलवर उलटी पाडील, हरळी आणि कुंदा मुळासकट निघेल. त्याचे म्हणणे खरेच असते. पण या नांगराला रोख पैसे मोजावे लागतात, ओढायला अधिक बैल लागतात, आणि झिजलेला फाळ गावात मिळत नाही. 'हा मोडला तर मी कोणाकडे जाऊ?' या प्रश्नाला त्या क्षणी उत्तर नाही. जमीन विषारी होईल, हे नकार देण्याचे एक सभ्य कारण असू शकते. माझ्या समजुतीप्रमाणे शेतकरी लोखंडाला तितका भ्यायला नव्हता, जितका तो एकटे पडण्याला भ्याला होता.

हा प्रश्न एकदा असा मांडला की लहान धंद्याच्या वाढीचा इतिहासही निराळा दिसू लागतो. सुताराचा नांगर खपत होता तो त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसामुळे. त्या माणसाची जागा आता कशाने तरी भरून काढायची होती. लक्ष्मणरावांना नांगराबरोबर त्याच्या सुट्या भागांची, दुरुस्तीची आणि आपण उद्याही इथेच असू याची खात्री विकायची होती. मराठीत याला एक जुना शब्द आहे : पत. पत म्हणजे कर्ज मिळण्याची योग्यता, आणि पत म्हणजे माणसाच्या शब्दाला असलेली किंमत. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात हे काही उगाच नव्हे.

स्वतः लक्ष्मणरावांनाही दुसऱ्याच्या पतीची गरज पडलीच. बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि जम बसू लागलेला कारखाना उठवण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसली. माळ निवडुंगाने भरलेला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर झाले. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला उद्योजक ही प्रतिमा आपल्याला फार प्रिय आहे. पण या हिमतीला एका संस्थानिकाची जमीन, दुसऱ्याच्या तोफा आणि थोरल्या भावाचा संसार यांचा टेकू होता. त्याने लक्ष्मणरावांचे श्रेय उणे होत नाही. लहान धंदा एकट्याने उभा राहत नसतो, एवढेच त्यातून कळते.

त्यांनी जमवलेली माणसेही पाहण्यासारखी आहेत. शंभूराव जांभेकरांनी यंत्रे सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. शिक्षणात अपयश आलेले के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे व्यवस्थापक झाले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली होती, पण कल्पकता दांडगी होती. गुणपत्रिकेवरून माणसे निवडली असती तर यांतली काही कारखान्याच्या दारातूनच परत गेली असती. आम्ही मास्तर मंडळींनी हे वाक्य जरा सावकाश वाचायला हवे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कारखाना वाडीत स्थिरावला, माल दूरदूर जाऊ लागला. गिऱ्हाईक जोवर बेळगावच्या पंचक्रोशीत होते तोवर तोंडी बोलून भागत होते. ते खानदेश-वऱ्हाडापर्यंत पसरल्यावर प्रत्येकाच्या बांधावर कोण जाणार? इथे लेखनाची गरज उत्पन्न होते. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे पत्र निघू लागले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे आपले शंवाकि. त्यांनी लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकली होती. कारखान्याच्या जाहिरातींचे कामही त्यांच्याकडेच असे. काकांचे हुकलेले रंग पुतण्याकडे आले, असे गमतीने म्हणता येईल.

'खबर'चे पुढे काय झाले हे वाचकांना ठाऊकच आहे. कारखान्याच्या पत्राचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. फडके-खांडेकरांसारखे लेखक त्यात आले, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. वाङ्मयेतिहास इथून सुरुवात करतो. मला वाटते, सुरुवात एक पाऊल मागून करायला हवी. ज्या वाचकाला उद्देशून 'खबर' निघाली तो आधी गिऱ्हाईक होता. त्याला काही पटवून द्यायचे तर त्याला समजेल अशा भाषेत लिहिणे भाग होते. वाक्य कळले नाही तर नांगर खपणार नव्हता. विद्यापीठीय मराठीला अशी परीक्षा कधी द्यावी लागत नाही. माझे वाक्य कळले नाही तर विद्यार्थी स्वतःलाच दोष देतो. नांगराचे गिऱ्हाईक स्वतःला दोष देत नाही, ते पुढच्या दुकानात जाते. गावच्या सुताराची जागा भरून काढायला हमी लागली, सुटे भाग लागले, गावोगाव हिंडणारी माणसे लागली, आणि त्यांच्याबरोबरच साधे, सरळ, वाचणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देणारे गद्य लागले. 'किर्लोस्कर' मासिकाची ती ओळखीची, सुबोध, थेट बोलणारी शैली केवळ संपादकाच्या प्रतिभेतून आली असे मानण्यापेक्षा ती या व्यवहारात घडली असे मानणे मला अधिक संयुक्तिक वाटते.

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. लोखंडी नांगर जिंकला तेव्हा गावच्या सुताराचे बलुते आटले. त्याची खबर कोणत्या मासिकाने छापली? मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे पालुपदही तपासून पाहण्यासारखे आहे. पुण्यात तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे. साळी, कोष्टी, तेली, कासार पिढ्यान्‌पिढ्या माल करत आणि विकत आले. त्यांना कोणी 'मराठी उद्योजक' म्हटले नाही, कारण हे पालुपद मुळात लिहिणाऱ्या वर्गाने स्वतःविषयी म्हटलेले होते. लक्ष्मणरावांचे नवल त्या वर्गाला वाटले ते त्यांच्यापैकी एकाने हात काळे केले म्हणून. हात पूर्वीपासून काळे असलेल्यांची गोष्ट मराठी गद्यात फार उशिरा आणि फार थोडी आली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. तोवर शंतनुरावांनी १९४६ साली पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभा केला होता. पुढच्या दशकांत पुण्याभोवती मोठे कारखाने आले आणि त्यांना लागणारे बोल्ट, बुश, पिना पुरवणारे लहान गाळे शहरभर उगवले. माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांचा गाळा हा त्याच वंशवृक्षाचा एक डहाळा. या गाळ्यांची एक अडचण असते. त्यांचे गिऱ्हाईक एखाद-दुसरा मोठा कारखाना असतो आणि त्याच्याशी बोलायला ड्रॉइंग आणि चलन पुरते. भाषा लागत नाही. स्वतःचा माल काढायचे ठरवले, की मात्र अनोळखी माणसाशी बोलावे लागते. जॉबवर्ककडून स्वतःच्या मालाकडे जाणे हे लहान धंद्याच्या वाढीतले सर्वांत अवघड पाऊल आहे असे म्हणतात. भांडवल लागते, यंत्रे लागतात, हे तर खरेच. पण तिथे शब्दही लागतात, आणि ते पुरवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्यात मीही होते.

ते पान पुढे पुन्हा लिहिले गेले. मी एकटीने लिहिले नाही. एका रविवारी ती मला अप्परला घेऊन गेली. तिथे यंत्र परत केलेल्या दोघी जणी होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही यंत्र लावले, त्यांनी पीठ मळले, ते अडकले, पुन्हा मळले. एकीने सांगितले, "पुरीच्या कणकेसारखं घट्ट मळा असं लिहा की. आर्द्रता कशाला?" मी लिहून घेतले. दुसरी बराच वेळ गप्प होती. निघताना तिने विद्यार्थिनीला विचारले, "आणि मोडलं तर येणार कोण?"

मी चमकून पाहिले. शंभर वर्षांपूर्वी बेळगावच्या शिवारात कोणीतरी हेच विचारले असणार, अशी माझी खात्री आहे. विद्यार्थिनीला हे काही ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "मी येणार, ताई. गाळा इथंच आहे, खालच्या रस्त्याला."

आता त्या पानावर पहिले वाक्य पिठाविषयी नाही. पहिल्या ओळीत गाळ्याचा पत्ता आहे, आणि दुसरीत 'अडचण आली तर इथे या किंवा फोन करा, आम्ही येऊ' असे लिहिले आहे. पीठ तिसऱ्या ओळीत येते. हा क्रम तिने ठरवला, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले.